गॅसच्या दांड्या आणि वैजूचा मामा

एका गावात एक भोळा मामा होता. नाव केरबा. लोक एकमेकांना मामा बनवतात, पण केरबाला कुणी बनवावं लागलं नाही. त्याच्या बहिणीला वैजयंता झाली आणि तो आपोआप झाला.

केरबा वाईट नव्हता. आळशी तर मुळीच नव्हता. फक्त सांगितलेलं जसंच्या तसं ऐकायचा. लहानपणी आई म्हणाली होती, "पडेल ते काम करावं." तेव्हापासून तो काम खाली पडायची वाट बघत उभा राहायचा. एकदा वाणी म्हणाला, "केरबा, जरा दुकानाकडं नजर टाक, मी आलोच." केरबानं नजर टाकली आणि घरी निघून गेला.

गाडी मात्र झकास चालवायचा. गाडी बोलत नाही ना!

तर त्या वैजूचं लग्न ठरलं. लग्नात मुलीच्या मामाचा मान मोठा. नवरीला बोहल्यावर आणायचं ते मामानं, मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही मामानं. वैजू पाळण्यात होती तेव्हापासून केरबा या दिवसाची वाट बघत होता. त्याची बहीण अक्का मात्र धास्तावली होती. मुलाकडचे शेलार तोलामोलाचे, आणि विहीणबाई तर नाकावर माशी बसू न देणाऱ्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळीच अक्कानं भावाला समोर बसवलं.

"केरबा, सख्खा भाऊ हाईस म्हणून सांगती. घोटाळा केलास, तर वैजूच्या मागं हिंदुराव उभा ऱ्हाईल."

हिंदुराव म्हणजे त्यांचा चुलतभाऊ. त्यानं फेटा आधीच आणून ठेवला होता.

"न्हाई करत अक्का," केरबा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वैजूच्या मागं दुसरं कुणी उभं राहतंय, हे त्याला नुसतं मनात आणूनसुद्धा सोसलं नाही.

एवढ्यात दाजी आले. दाजी म्हणजे अक्काचे मालक. त्यांच्या डोक्यावर दोन टेंगळं होती, आणि ती त्यांच्याच गाडीनं दिली होती. गाडी दर दहा मैलांवर तापायची. तापली की बॉनेट उघडायचं. पण बॉनेटला टेकू देणारी लोखंडी दांडी वर्षापूर्वीच मोडली होती. दाजी तिच्या जागी उसाचं कांडं लावायचे. ऊस तो ऊस, कधी मोडेल सांगता यायचं नाही. आणि याच गाडीतून उद्या वऱ्हाड आणायचं होतं, वैजूची पाठवणी करायची होती.

"जावयाच्या टाळक्यात बॉनेट पडलं तर मला गावात तोंड दाखवाय जागा ऱ्हाणार न्हाई," दाजी म्हणाले. "केरबा, तालुक्याला इलाही मिस्त्रीकडं जा. बॉनेटला त्या गॅसच्या दांड्या बसवून आण. आन् मिस्त्री काय काय सांगंल ते नीट ऐक."

"आन् विसरू नगंस," अक्का म्हणाली. "एकेक गोष्टीची गाठ मारून ठेव."

केरबानं खांद्यावरचा टॉवेल चाचपला. टॉवेल लांब होता. गाठी मारायला जागा भरपूर होती.

इलाही मिस्त्री हातानं कसबी आणि तोंडानं फटकळ. त्यानं बॉनेट वर केलं आणि केरबाला म्हणाला, "धरा. मी सामान घिऊन येतो. सोडायचं न्हाई."

केरबानं धरलं. मिस्त्रीला वाटेत गिऱ्हाईक भेटलं, मग दुसरं भेटलं. चहावाला आला. केरबा म्हणाला, "हात मोकळा न्हाई." चहावाला गेला. नाकावर माशी बसली. केरबानं ती बसू दिली. तासाभरानं मिस्त्री परत आला, तर दोन्ही हात वर करून केरबा लटलट कापत होता आणि त्याच्याबरोबर बॉनेटही कापत होतं.

"अहो पावणं! हा बांबू काय शोभंला ठेवलाय? टेकू द्यायचा की!"

"तुमीच म्हणला, सोडू नगा."

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. बांबू उभा केला, नीट बसवला, मग केरबाचे हात एकेक करून सोडवले. "आता ध्यानात ठेवा. दुसरा टेकू बसला की मगच पयला काढायचा. तोवर पयल्याला हात लावायचा न्हाई."

केरबानं टॉवेलाला गाठ मारली.

मिस्त्रीनं दांड्या काढल्या. दोन काळी नळकांडी, आणि प्रत्येकातून बाहेर आलेली एकेक चकचकीत बारीक सळई.

"ह्यात गॅस भरल्याला असतोय," मिस्त्री म्हणाला.

"भात शिजतोय?"

"न्हाई."

"मग भरलाय कशाला?"

"बॉनेट उचलाय."

केरबा विचारात पडला. त्याच्याही घरी गॅस होता. पण त्यानं आजवर कधी काही उचललेलं केरबानं पाहिलं नव्हतं.

मिस्त्रीनं भोकं पाडली, पट्ट्या बसवल्या, बोल्ट आवळले. पट्टीवर सुपारीएवढी लोखंडी गोळी होती. दांडीच्या टोकाची वाटी तिच्यावर दाबली की खटकन बसायची. "हे बघा. जाड बाजू वर, बारीक बाजू खाली. उलटं केलं की आतलं तेल भलतीकडं जातंय आन् गळती लागती."

गाठ.

"दोन कशाला?" केरबानं विचारलं. "एक बास की."

"जोडी असती पावणं. जोडीनं बसवायच्या, जोडीनंच बदलायच्या. एक जुनी आन् एक नवी ठिवली की ओढाताण हुती, सगळं वाकडं हुतंय. एक बदललं की दुसरं बी बदलायचंच."

गाठ.

शेवटी मिस्त्रीनं बॉनेट लावलं आणि केरबाला उघडायला सांगितलं. "अर्ध्यापत्तुर तुमी उचला. म्होरं ते आपलं आपण जातंय. हात सोडा खुशाल."

केरबानं अर्ध्यापर्यंत उचललं आणि हात सोडला. बॉनेट सावकाश, एकटंच, वर गेलं आणि तिथंच थांबलं. केरबानं त्याला हात जोडले.

"आन् लावताना वरनं दाबायचं. टक वाजल्याबिगर दाब सोडायचा न्हाई. टक वाजलं म्हंजे तोंड बंद झालं."

अशा गाठींवर गाठी घेऊन केरबा परत निघाला. टॉवेल वीतभर आखूड झाला होता.

वाटेत हापशीवर एक म्हातारी भरलेला हंडा पुढ्यात घेऊन उभी होती. तिनं गाडी थांबवली. "लेकरा, एवढा हंडा डोक्यावर चढीव रं."

केरबा उतरला. त्यानं गाठ चाचपली. हंडा अर्ध्यापर्यंत, म्हणजे म्हातारीच्या छातीपर्यंत उचलला आणि हात सोडला खुशाल.

हंडा वर गेला नाही. म्हातारीच्या पायाशी आला. म्हातारी नखशिखान्त भिजली आणि हंड्याला पोचा आला.

"मुडद्या! हात कशाला सोडलास?"

"म्होरं तो आपला आपण जाणार हुता."

"तुझ्या आज्यानं असं काय नेलं हुतं का? डोक्यावर पुरता ठिवायचा आन् मग हात सोडायचा!"

केरबाला पटलं. त्यानं तिला हंडा पुन्हा भरून दिला, डोक्यावर पुरता ठेवला, मग हात सोडला आणि त्याचीही गाठ मारली.

घरी पोचला तेव्हा मांडवात भटजी मांडामांड करत होते. "अहो केरबामामा," ते म्हणाले, "एवढा तो पाट उचलून ठेवता का?"

केरबानं पाट उचलला आणि भटजींच्या डोक्यावर पुरता ठेवला. मग हात सोडला.

भटजी सज्जन होते. पाट डोक्यावर तसाच ठेवून त्यांनी शांतपणे विचारलं, "मामा, आपला माझ्यावर काही राग आहे का?"

अक्कानं हे स्वैपाकघरातून पाहिलं. पण दाजी गाडीपाशी उभे होते. बॉनेट उघडत होते, लावत होते, पुन्हा उघडत होते. त्यांच्या टेंगळांवर आनंद मावत नव्हता. "दांड्या झ्याक बसल्यात गं," ते म्हणाले. अक्कानं ओठावर आलेला शब्द गिळला. केरबा थोडक्यात वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कानं त्याला नवा सदरा दिला. "हा घाल, आन् जुना काढून टाक." केरबानं नवा घातला. दुसरा नीट बसला, मग पहिला काढायचा. पण दुसरा बसल्यावर पहिला काही केल्या निघेना. तेव्हा त्यानं टोपीवर फेटाही चढवला आणि वऱ्हाड आणायला तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर गेला.

बाकीचं वऱ्हाड टेम्पोत चढलं. नवरदेव मित्रांबरोबर मोटारसायकलवर गेला. दाजींच्या गाडीत बसायचे होते व्याही आणि विहीणबाई. पण मागच्या सीटवर विहीणबाईंच्या साड्यांची खोकी आणि मानाच्या करंज्यांच्या टोपल्या अशा काही रचल्या होत्या, की पुढं केरबाशेजारची एकच जागा उरली.

आता व्याही म्हणजे शेवग्याची शेंग. आणि विहीणबाई भरभक्कम. एवढ्या, की रिक्षात बसल्या तर रिक्षावाला आधी चाकाकडं बघायचा.

व्याही म्हणाले, "तू बस. मी टेम्पोत जातो."

"न्हाई न्हाई," केरबा म्हणाला. "तुमी दोघं जोडी हाय. तुमी आदी बसा. आन् विहीणबाई, तुमी ह्यांच्या वर बसा."

"अहो, काहीतरीच काय!"

"जाड बाजू वर, बारीक बाजू खाली. उलटं बसलं की ह्यांना गळती लागंल."

विहीणबाईंचा जबडा खाली आला. त्या काही बोलायच्या आत केरबानं दार लोटून त्यांना बसवलंसुद्धा. व्याही खाली दिसेनासे झाले. एवढ्या ओझ्यानं गाडी सातव्या मैलावरच तापली. केरबानं खाली उतरून बॉनेट अर्ध्यापर्यंत उचललं आणि बाजूला झाला. समोरचा पत्रा कुणी हात न लावता आपोआप उठून उभा राहतोय, हे पाहून विहीणबाईंनी अशी किंकाळी फोडली, की टेम्पोतला बँडवाला दचकून वाजवायला लागला.

त्या मांडवात शिरल्या त्या बोलतच. त्यांना नवी कवळी बसवली होती. ती जरा सैल होती. बोलताना दात एकीकडं जायचे आणि शब्द दुसरीकडं. "हा पाहुणचार? माझ्या नवऱ्यावर मला बसवलं! भर स्टँडवर! परत न्या आम्हाला. लग्न नको नि काही नको." वैजूच्या मुंडावळ्या थरथरायला लागल्या.

अक्का घाबरीघुबरी झाली. तिनं लाडवाचं ताट केरबाच्या हातात कोंबलं आणि कानात म्हणाली, "जा. कायबी कर, पण त्यांचं तोंड बंद कर."

आता लाडू कशासाठी दिले, हे तुम्हाआम्हाला कळतं. केरबानं ताट बाजूच्या खुर्चीवर ठेवलं. टॉवेल चाचपला. गाठ सापडली. तो विहीणबाईंच्या समोर गेला, अदबीनं नमस्कार केला, एक हात त्यांच्या हनुवटीखाली आणि एक हात डोक्यावर ठेवला, आणि वरून दाबलं.

टक!

"झालं बंद," केरबा म्हणाला.

कवळी इतकी पक्की बसली होती, की विहीणबाईंना काही वेळ तोंड उघडताच येईना. एवढ्यात व्याही पुढं आले. सुरकुतलेला कोट झटकत त्यांनी केरबाचा हात हातात घेतला.

"लग्न होणार," ते म्हणाले. "आणि मामा, ते पुन्हा एकदा करून दाखवा. मला शिकायचंय."

लग्न वाचलं. केरबा मात्र वाचला नाही. अक्कानं त्याला ओढत परसात नेलं. तिच्या डोळ्यांतून आग आणि पाणी दोन्ही येत होतं. "बास! हिंदुरावाला फेटा बांधाय सांगितलाय. तू मांडवाच्या भाईर बस."

केरबा मांडवाबाहेर जाऊन मेढीला टेकून बसला आणि टॉवेलाच्या गाठी मोजायला लागला. सगळ्या होत्या. एकही सुटली नव्हती. मग चुकलं कुठं, ते त्याला कळेना, आणि त्याला फार वाईट वाटलं.

पण वैजूला हे कळलं आणि ती पाटावरून उठेचना. "केरबामामा न्हाई, तर मी बोहल्यावर जाणार न्हाई. मला खांद्यावर बसवून जत्रा त्यानं दावली. हिंदुमामानं दावली का?"

हिंदुराव फेटा सावरत दुसरीकडं बघायला लागला. मुहूर्त जवळ आला होता. अक्कानं हात टेकले. "बरं, ऱ्हाऊ दे उभा. पण केरबा, हात बांधून आन् तोंड मिटून!"

केरबानं टॉवेलानंच हात बांधून घेतले आणि तोंड मिटलं. आणि काय सांगू! मंगलाष्टकं झाली, अंतरपाट सरला, अक्षता पडल्या, हार पडले, सप्तपदीही आटपली, तरी एक घोटाळा झाला नाही. केरबाच्या गालांवरून आसवं ओघळत होती. हात बांधलेले, म्हणून पुसता येत नव्हती.

त्याला तसं बघून अक्काचंही मन भरून आलं. तिनं हाक मारली, "केरबा!" उत्तर नाही. "अरं केरबा!" उत्तर नाही. ती जवळ आली, त्याचे हात सोडले. "आता बोल की, खुळ्या. भरल्या मांडवात कुणी आपलं नाव घेतलं तर वो द्यावी माणसानं!"

केरबानं नवी गाठ मारली.

आता राहिलं होतं नवरीचं नाव बदलणं. शेलारांचं गाव लांब, म्हणून तो विधीही मांडवातच उरकायचा ठरला होता. भटजींनी लक्ष्मीची पूजा मांडली, तिच्यापुढं ताटात तांदूळ पसरले आणि सोन्याची अंगठी नवरदेवाच्या हातात दिली. "लिहा. काय नाव ठरवलंय?"

"मंदाकिनी," विहीणबाई म्हणाल्या. तोंड उघडायला लागलं होतं.

वैजूनं मान खाली घातली. तिला तिचं नाव आवडायचं. वैजयंता. आणि लाडाचं वैजू. पण नव्या नवरीनं कुणाला सांगायचं? नवरदेवानं, त्याचं नाव शिवदत्त, तांदळात 'मंदाकिनी' लिहिलं. वैजूचं एक टिपूस त्या तांदळात पडलं.

"आन् दुसरं?" केरबा म्हणाला.

सगळे वळले. "दुसरं काय?" भटजींनी विचारलं.

"एक बदललं की दुसरं बी बदलायचं. जोडी असती. एक जुनं आन् एक नवं ठिवलं की ओढाताण हुती, सगळं वाकडं हुतंय."

"म्हणजे नवऱ्या मुलाचं नाव बदलायचं?"

"व्हय. मिस्त्री म्हणलाय."

मांडवात खसखस पिकली. विहीणबाई उसळल्या, "हे कुठल्या शास्त्रात आहे?" पण वैजूनं मान वर केली. "मामा बरोबर बोलतोय," ती म्हणाली. "बदलायचं तर दोघांचं. न्हाईतर कुणाचंच न्हाई."

शिवदत्तानं तिच्याकडं पाहिलं. ताटातलं टिपूसही पाहिलं. पोरगा भला होता. "माझी काही हरकत नाही," तो हसून म्हणाला. "लिहा माझंही नवं नाव."

भटजींच्या डोक्याला कालच्या पाटाची आठवण होती. तरी त्यांच्या मिशीत हसू होतं. त्यांनी अंगठी केरबापुढं धरली. "मामा, तुम्ही काढलंत, तुम्हीच लिहा."

केरबाची पंचाईत झाली. तो शाळेत फारसा गेलेला नव्हता. दूध डेअरीत सही करायला लागते म्हणून एकच शब्द लिहायला शिकला होता. तोच त्यानं जीभ बाहेर काढून, मन लावून, तांदळात लिहिला.

भटजींनी ताट वर उचललं आणि मोठ्यानं वाचलं, "चिरंजीव शिवदत्त यांचं नवं नाव... केरबा!"

बँडवाल्याच्या हातातून झांजा पडल्या.

"पुसा!" विहीणबाई किंचाळल्या. "पुसा ते! दोन्ही पुसा! आमची वैजयंता वैजयंताच राहू दे, पण माझ्या पोराला केरबा म्हणू नका!"

"पुसतो," भटजी गंभीर चेहरा करून म्हणाले. "पण लक्ष्मीपुढं लिहिलेलं नाव नवरीनं एकदा तरी घेतल्याशिवाय पुसता येत नाही."

हे कुठल्या पोथीत होतं, देव जाणे. पण बायकांना तेवढंच हवं होतं. "नाव घे, वैजू, नाव घे!" एकच गलका झाला. वैजू लाजली. पदर सावरला. नवऱ्याकडं चोरून बघितलं. आपलं नाव आपल्यालाच परत मिळालं म्हणून तिच्या चेहऱ्यावर जे हसू होतं, ते तिला लपवता येत नव्हतं. सगळा मांडव कान टवकारून गप्प झाला, आणि ती खणखणीत आवाजात म्हणाली,

"ताटभर तांदूळ, त्यात अंगठीची खूण,
केरबारावांचं नाव घेते शेलारांची सून!"

आणि चारशे माणसांच्या त्या मांडवात, टाळ्या पडायच्या आत, नवरीच्या पाठीमागून मोठ्यानं आवाज आला,

"वो! हितंच हाय की मी! काय पायजे?"